फ्लक्स पुसला होता, सायब्या

सायब्या, मेल्यावर माणूस गोरा होतो का बे? दिंद्रुडच्या चौकात तुझा जो फलक लावलाय, त्यात तू इतका उजळ दिसतोस की तुझ्या आईनंसुद्धा ओळखलं नसतं. मागं रणगाडा, वर विमान, खाली पुढाऱ्यांची मुंडकी, आणि तुझ्या नावाआधी 'सैनिकांसाठी झटणारा उद्योजक'. मी खाली उभा राहून वाचलं आणि मला हसू फुटलं. शेजारी तुझा चुलता होता. त्यानं असं काही बघितलं की मी घाईनं तोंडावर उपरणं धरलं. लोकांना वाटलं, रडतोय. वाटू दे.

काल तुझा दहावा झाला. आज मी वडवणीत माझ्या इन्व्हर्टरच्या दुकानात बसून हे लिहितोय. गिऱ्हाईक आलं की उठावं लागतंय, मग परत येऊन तुझ्याशी भांडायला बसतोय. जिवंत होतास तेव्हा प्रत्येक भांडण अर्ध्यात सोडून जायचास, चपला पायात सरकवून, "बघू बे पुढं" म्हणत. आता तर पुढं काही ठेवलंच नाहीस. उसाच्या बांधावर छातीत कळ आली म्हणे, खाली बसलास, आणि गडी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. तुझं सगळं असंच, दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं.

भांडण आपलं एकच होतं. तू म्हणायचास, "मारत्या, तू फ्लक्स पुसला न्हाईस." मी म्हणायचो, "पुसला." फलकावरच्या मुंडक्यांना फ्लक्स म्हणजे काय हे ठाऊक नसणार. टाका मारताना तारेबरोबर राळेसारखं एक चिकट वितळतं, ते फ्लक्स. टाका बसला की स्पिरिट घेऊन ब्रशनं घासून काढायचं. राहिलं तर दमट हवेत, उन्हात, घामात ते विजेला चोरवाट करून देतं आणि चांगली बॅटरी बंद पडते. नवशिक्याची चूक आहे ती. मी नवशिका नव्हतो. बीडच्या पॉलिटेक्निकला तू माझ्या वहीवरून प्रयोग उतरवून काढायचास आणि पास व्हायचास, तेव्हापासून माझ्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पहिलं नाव ठेवलंस ते तू.

आपलं हे सगळं सुरू कुठून झालं, आठवतंय का? माझा बाप मेंढरं घेऊन धारूरच्या डोंगरात होता. डोंगरात लाईट नाही, आणि मोबाईल बंद पडला की आई इकडं जीव टांगून बसायची. म्हणून मी जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून बापाला कमरेला बांधायचा पट्टा करून दिला होता, आणि घोड्यावरच्या बिऱ्हाडावर एक सोलरची पाटी बांधली होती. तू मला सोडायला म्हणून मेंढरांच्या वाड्यावर आलास, आमच्यात मांडी घालून भाकर खाल्लीस, आणि बापाचा पट्टा बघून भाकर हातात धरूनच उठलास. "मारत्या, ह्ये मिल्ट्रीला लागतंय बे!"

बाप म्हणाला, "आधी भाकर खा. मिल्ट्री कुटं पळून चालली न्हाई."

पण तू जिथं तोंड घातलंस तिथं वाट केलीस, हे मला कबूल करावंच लागेल. मला दुकानाच्या फळीपलीकडं बोलता येत नव्हतं. तू पुण्याच्या, सैन्याला सामान पुरवणाऱ्या एका कंपनीच्या दारात जाऊन बसलास आणि तिथल्या पानसे साहेबाला गाठूनच परत आलास. त्यांना तेच हवं होतं. जवानाच्या अंगावर रेडिओ वेगळा, अंधारातली दुर्बीण वेगळी, नकाशाची पाटी वेगळी, आणि प्रत्येकाची बॅटरी वेगळी. नुसतं बॅटऱ्यांचं ओझं घेऊन माणूस डोंगर चढायचा. त्या सगळ्यांना एकच पॅक पुरवायचा, जाकिटात बसणारा, हलका, चालता चालता उन्हावर भरणारा. कंपनी आतलं सर्किट करणार, सोलापूरची गिरणी कापड देणार, आणि जोडणी आणि चालून बघण्याचं काम आपलं. सैन्याला दाखवायचं तिघांनी मिळून. करारावर तुझं नाव, खाली माझं, 'तांत्रिक प्रमुख' म्हणून. मी ते नाव बापाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "तांत्रिक म्हंजे लिंबू-मिर्चीवाला का रं?"

कंपनीला आपण कशाला हवे होतो, हे मला फार उशिरा कळलं. दिवसभर डोंगर तुडवणारी माणसं त्यांना आमच्याकडं फुकट मिळत होती. माझा बाप, माझा चुलता, चुलत भाऊ, सगळ्यांच्या अंगावर ती जाकिटं. उन्हाळ्यात मेंढरामागं फिरायचं आणि संध्याकाळी पानसेंच्या माणसाला सांगायचं, कुठं काचतंय, कुठं तापतंय. एका शेळीनं चुलत्याची वायर चावून खाल्ली तर पानसेंनी गंभीरपणानं विचारलं, "सीमेवर असा प्रकार होऊ शकतो का?" तू तितक्याच गंभीरपणानं म्हणालास, "सायब, तिकडं बी शेळ्या हायतेच की." त्यानंतर वायर आतून शिवली. ती आपली सुधारणा होती सायब्या, आणि आजही प्रत्येक जाकिटात वायर आतूनच आहे.

मग ती चाचणी आली. नगरकडच्या मैदानावर. आदल्या दिवशी मी वडवणीच्या आपल्या जोडणीच्या शेडमध्ये सगळे टाके पुन्हा तपासले, स्पिरिटनं घासले, वायर लागते त्या पॅकच्या तोंडावर रबरी झाकण बसवलं आणि पॅक तुझ्या ताब्यात दिला. गाडी तुझ्या घरून निघणार होती आणि मला वाटेत उचलणार होती. उन्हात तो जवान जाकीट घालून चालायला लागला. पहिला डोंगर चढला, रेडिओ बोलत होता. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की काळं-निळं झालं. दुसऱ्या चढाला रेडिओ गप्प. दुर्बीण गप्प. जवान थांबला, पाठीवर हात मारला, आमच्याकडं बघितलं. तिथला अधिकारी फार सभ्य माणूस होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "शुक्रिया, आप लोग जा सकते हैं."

पुण्यात पॅक उघडला तेव्हा तू आत होतास आणि मी बाहेर बाकड्यावर. तू बाहेर आलास, माझ्याकडं न बघता म्हणालास, "तोंडापाशी चिकट सापडलं. फ्लक्स ऱ्हायलाय." मी म्हणालो, "पुसला होता." तू म्हणालास, "मी डोळ्यानं बघितलं बे." झालं. तांत्रिक प्रमुख गेला. शेड तुझ्याकडं राहिली. माझ्या हाताखाली ज्या बाया सेल जोडायला शिकल्या, त्या आता तिथं जाकिटांचे खिसे शिवतात. बॅटरी आता कंपनीच करते, पुण्याहून सीलबंद होऊन येते. आणि मी इन्व्हर्टरमध्ये पाणी घालतो.

वडवणीच्या बाजारात माझं नाव काय पडलं माहीत आहे ना? 'फ्लक्स शेठ'. भाजीवाल्याला फ्लक्स खातात की पितात माहीत नाही, पण हाक तीच. पोरांनी सुद्धा तीच उचलली. आणि माझा बाप. शेवटी शेवटी खाटेवर पडून असायचा, त्यानं एकदा मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "फ्लक्स पुसायला कितीसा येळ लागतोय रं?" मी सांगितलं, थोडासाच. तो म्हणाला, "मंग पुसायचा व्हता." हे डोक्यात घेऊन तो गेला सायब्या. त्याचं पाप तुझ्या माथी. मेलास म्हणून मी ते खाली उतरवणार नाही.

तरीही दर बाजाराला तू दुकानावर यायचास आणि मी चहा सांगायचो. का, ते तुला ठाऊक आहे. आमची मेंढरं तुझ्याच चुलत्याच्या ज्वारीत घुसली होती आणि गावानं काठ्या काढल्या होत्या, तेव्हा तू मधे उभा राहिलास. तुझ्या रक्ताची माणसं समोर आणि तू आमच्या बाजूनं. खांद्यावर काठी बसली तरी हलला नाहीस. माझ्या आईनं तुझ्या खांद्याला हळद लावली, आणि तू लेकरासारखा "आये, हळू" करत बसला होतास. असल्या माणसाला सोडता पण येत नाही आणि धरता पण येत नाही. मी तुला शिव्या द्यायचो, तू हसायचास. "घेतो बे तुला परत. दम धर." दम धरून धरून माझे केस पिकले.

आता कालचं ऐक.

तळ्याच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. पुढारी पुढं झाले. एक म्हणाला, "साहेबराव, शेड बंद पडू देणार न्हाई." कावळा ढिम्म. दुसरा म्हणाला, "तुमच्या नावानं कमान बांधतो." कावळ्यानं तोंडच फिरवलं. तुझ्या बायकोला, वैनीला, कुणीतरी बोलायला लावलं, ती बिचारी म्हणाली, "माझी काळजी करू नका." तरी नाही. मग लोक एकमेकांकडं बघत बघत माझ्याकडं बघायला लागले. तुझा चुलता आला आणि माझ्या कानाशी लागला. "मारुती, त्याचा जीव तुझ्यात आडकलाय. म्हणून टाक एकदाचं."

"काय म्हणू?"

"फ्लक्स ऱ्हायलाता म्हणावं. चूक माझी व्हती म्हणावं. सुटंल बिचारा."

अख्खं गाव उभं. पुण्याहून आलेले पानसे डोक्याला रुमाल बांधून लिंबाखाली उभे. वैनी माझ्याकडं बघतेय. मला वाटलं, मेलेल्याशी काय भांडायचं? आणि खरं सांगू का, तू अडकून राहिलास हे मला बघवेना. मी पिंडापुढं जाऊन मोठ्यानं म्हणालो, "सायब्या, तू म्हणत व्हतास त्येच खरं. फ्लक्स मी पुसला न्हाई. चूक माझी. जा बाबा आता."

आणि हलकटा, कावळा आला! सरळ खाली उतरला, पिंड फोडला, भात घेऊन गेला. लोकांनी हात जोडले. तुझ्या चुलत्यानं माझी पाठ थोपटली. मी तिथं उभा राहून ढसाढसा रडलो, आणि या वेळी खरंच रडलो.

तुझ्या घरी आल्यावर पानसेंनी मला ओसरीच्या कडेला घेतलं. सैन्याकडून पुन्हा मागणी आलीय म्हणाले. कंपनीला पुन्हा भागीदार हवेत, जोडणी पुन्हा इकडंच करायचा विचार आहे. "साहेबरावांनी मला नुकतंच सांगितलं होतं, मारुतीला घेतल्याशिवाय मी सही करणार नाही. मी विचारलं, मग त्या वेळच्या बिघाडाचं काय? तर म्हणाले, ते मी समक्ष येऊन सांगतो. फोनवर सांगण्यासारखं नाही."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. मी विचारलं, "मंग?"

"मग काय, मी आज तुम्हालाच विचारायला आलो होतो. तुमच्याकडून वेगळं काही ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. पण आता तुम्हीच सगळ्यांसमोर कबूल केलंत. मी वर जाऊन काय सांगू?" असं म्हणून ते चपला शोधायला लागले.

मी आत वैनीपाशी जाऊन बसलो. दुसरं कुठं जाणार? ती भिंतीला टेकून होती. म्हणाली, "भाऊजी, तुमी ह्यांच्यासाठी एवढं बोललात, लई उपकार झाले. पर मला ते खरं वाटत न्हाई. तुमच्या हातात खोट न्हाई. नशीबच वाईट व्हतं. न्हाईतर त्या दिशी मी काय कमी केलतं का? सकाळी गाडीत ठिवायच्या आदी देव्हाऱ्यापुढं घेतला त्याला. हळद-कुक्कू लावलं. नारळ फोडला. आन वरवर नुसतं शिपडलं न्हाई, त्याच्या तोंडावरचं झाकण काढून पाणी पाजलं, आपण नव्या मोटारीला पाजतो तसं. ह्ये आंघोळ करून आले आन हसायलाच लागले. उपरण्यानं पुसलं, झाकण बसवलं आन म्हणले, आता ह्ये हारत न्हाई."

सायब्या, नारळाचं पाणी. खारट, गोड, वाळलं की तपकिरी चिकट, अगदी फ्लक्ससारखं. उन्हात चढ चढताना जवानाच्या घामानं ते ओलं झालं आणि विजेला वाट मिळाली. पॅक उघडला तेव्हा तू बघितलंस आणि तुला तिथंच कळलं. कळणारच, उपरण्यानं पुसलं होतंस ना तू. तुला तिथं दोनच नावं घेता येत होती. घरात देवापुढं बसलेली बायको, नाहीतर बाहेर बाकड्यावर बसलेला मी. तू माझं घेतलंस. एवढी वर्षं घेत राहिलास. माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन घेत राहिलास. माझा बाप मेला तेव्हा खांदा दिलास आणि तरी बोलला नाहीस.

बाहेर पानसेंची गाडी चालू झाली.

मला त्यांना बाजूला घेता आलं असतं. संध्याकाळी फोन करता आला असता. तू तेच करणार होतास, नाही का? पुण्याला जाऊन, दार लावून, त्यांच्या एकट्याच्या कानात. हिला कधी कळू न देता. तेवढी अक्कल तुझ्यात होती. माझ्यात नाही, आणि नसली तर नसली! मी उठलो, ओसरीवर आलो, गाडीच्या काचेवर थाप मारली आणि सगळ्या गावाच्या देखत ओरडलो, "सायब, उतरा. फ्लक्स न्हवता तो. नारळाचं पाणी व्हतं. वैनीनं पूजा केलती पॅकची, झाकण काढून पाणी घातलंतं. सायब्याला ठावं व्हतं. माझे टाके चोख व्हते!"

पानसे उतरले. त्यांनी एकच विचारलं, "झाकण काढून?" मी मान हलवली. ते आपल्याशीच पुटपुटले, "म्हणजे मीठ. साखर आणि मीठ." मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गाव बघत असताना माझी माफी मागितली. तुझा चुलता खाली बसला. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे फ्लक्स शेठचं खरं व्हतं की बे." सायब्या, मला जे ऐकायचं होतं ते सगळं मी एका दमात ऐकलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं.

मग मागं बघितलं. वैनी उंबऱ्यात उभी होती.

"माझ्यामुळं बंद पडलं?" तिनं विचारलं. "मंग ह्यांनी मला काहून सांगितलं न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं. "आन तुमी काहून सांगितलं, भाऊजी?"

आज सकाळी पानसेंचा फोन आला. पुण्याला बोलावलंय, करार नव्यानं करायचाय, शेडमध्ये जोडणी पुन्हा सुरू होणार. मी जाणार आहे. तुझ्यासाठी थांबणार नाही, तू माझ्यासाठी थांबला नाहीस.

मघाशी तुझा चुलता तेराव्याचं सामान न्यायला वडवणीला आला होता, दुकानावर टेकला. म्हणाला, सामानातले नारळ वैनीनं परत करायला लावलेत. मी त्याला विचारलं, परवा मी येऊ का, वैनीला विचारून सांगा.

"इचारलं," तो म्हणाला.

"काय म्हणल्या?"

"म्हणली, त्यांचं काम झालं की आता. कशाला येतेत?"